जादूचा खेळ रोज पहिल्यापासून सुरू होतो? आधी युजर फोल्डरचं नाव बघा

आमच्या आईला वस्तू शोधायच्या खेळांचा नाद आहे. ती खानापुरात राहते, मी नोकरीमुळे बेळगावात. पावसाळ्यात खानापूर भागात एकदा झड लागली की दिवसच्या दिवस घराबाहेर पडता येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी घरातला जुना डेस्कटॉप नीट करून तिला दिला आणि जादूगारांच्या वाड्याचा एक खेळ त्यात घालून दिला. पडद्यावर वस्तूंनी गच्च भरलेली खोली दिसते, खाली शब्दांची यादी असते आणि त्या यादीतली एकेक वस्तू गर्दीतून हुडकून तिच्यावर क्लिक करायचं. मधेमधे कुलुपांची, मंतरलेल्या आरशांची, औषधी काढ्यांची कोडी येतात. ती सुटली की पुढचं दार उघडतं.

यादी इंग्रजीत असते. आईने त्यासाठी एक वही केली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे आपला शब्द. कॉल्ड्रन – हंडा. क्विल – पिसाची लेखणी. गॉब्लेट – पेला. ब्रूम – खराटा. अवरग्लास – वाळूचं घड्याळ. वहीची पाच-सहा पानं भरली तरी खेळ मात्र तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे जाईना, कारण रोज सकाळी तो पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"परत नाव विचारायलंय बघ," असा तिचा फोन यायचा. मी म्हणायचो, आई, कालचं बंद करताना नीट बाहेर पडलीस का? ती म्हणायची, होय की. आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून, "असू दे, मी परत खेळतो की पहिल्यापासनं." ते "असू दे" मला फार लागायचं.

हा प्रकार सोडवायला मला तीन रविवार लागले. नंतर आमच्या शेजारी आणि निपाणीच्या एका नातेवाइकांकडेही हेच निघालं. आपल्या भागात हा घोटाळा जास्त होण्याला खास कारण आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी लक्षण नीट ओळखा. खेळ चालू असताना काहीच बिघडलेलं नसतं. चित्रं, आवाज, कोडी सगळं ठीक. मुख्य मेनूत जाऊन परत आलं तरी आपण होतो तिथेच असतो. पण खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडला की तो खेळणाऱ्याचं नाव विचारतो, जणू आपण त्याला पहिल्यांदाच भेटतोय. आवाज कमी करून ठेवलेला असतो तो परत मोठा झालेला असतो. फक्त प्रगतीच नव्हे तर सेटिंगसुद्धा गेलेलं असतं, ही खूण महत्त्वाची. याचा अर्थ खेळाने जतन केलेली फाइल बिघडलेली नाही. ती फाइल कधी तयारच झालेली नाही. जे होतं ते सगळं चालू मेमरीत होतं आणि खेळ बंद झाला की गेलं.

पहिल्या रविवारी मी सगळे नेहमीचे उपाय केले. खेळ काढून परत घातला. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं. कंपॅटिबिलिटीत जाऊन जुन्या विंडोजची निवड केली. कशानेही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण प्रश्न अधिकारांचा नव्हताच. तुम्ही याच पायरीवर असाल तर इथे आणखी वेळ घालवू नका.

दुसऱ्या रविवारी, डी ड्राइव्हवर जिथे खेळ बसवला होता त्या फोल्डरमध्ये मला 'लॉग' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल दिसली. बरेच जुने खेळ अशी फाइल ठेवतात. आपण काय काय केलं त्याची ती रोजनिशी असते. नोटपॅडमध्ये उघडली. वरच्या दहा-बारा ओळी कळत नव्हत्या, पण मधे एक ओळ होती. खेळ जिथे फाइल ठेवायला गेला तो पत्ता त्यात होता: सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग दोन प्रश्नचिन्हं, मग ॲपडेटा, मग रोमिंग. पुढे लिहिलं होतं की फाइल उघडता आली नाही.

दोन प्रश्नचिन्हं. मी ते बघत बसलो. यूजर्सच्या पुढे कॉम्प्युटर वापरणाऱ्याचं नाव असतं. आणि नाव काय होतं? कॉम्प्युटर तिच्या हातात देताना मी हौसेने, देवनागरीत, 'आई' असं घातलं होतं. आ आणि ई, दोन अक्षरं, दोन प्रश्नचिन्हं.

आता हे का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात. विंडोज स्वतः आतून युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या तक्त्यावर चालतं. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून त्यात आहेत, म्हणून 'आई' नावाचं फोल्डर विंडोज बिनतक्रार तयार करतं. पण हे जुने खेळ अनेकदा जुन्या पद्धतीने लिहिलेले असतात. ते फाइलचा पत्ता विंडोजकडून एका अक्षराला एक बाइट अशा जुन्या सांकेतिक तक्त्यात मागून घेतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरवर बहुधा पश्चिम युरोपीय भाषांचा तक्ता असतो. त्यात देवनागरीला जागाच नाही. ज्या अक्षराला जागा नाही त्याच्याऐवजी विंडोज प्रश्नचिन्ह देतं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे खेळ अशा पत्त्यावर फाइल ठेवायला जातो, जो पत्ता असूच शकत नाही. चांगल्या रीतीने लिहिलेला खेळ अशा वेळी निदान सूचना देतो. हा गप्प राहिला.

शेजारच्या अक्का घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांच्या नातवाने त्यांच्या लॅपटॉपवर नाव कन्नड लिपीत 'अक्क' असं घातलं होतं. "तम्मा, आमचाबी तसाच करायलाय," असं त्या म्हणाल्या, म्हणून मी तिथेही लॉग बघितला. तिथे चार प्रश्नचिन्हं होती. दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये जोडाक्षर मोडून धरलं जातं: अ, क, त्याचा हलन्त, परत क. तुमच्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हं दिसली तर अशीच मोजून बघा, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या धरून. 'सुमन' असेल तर चार येतील: स, उकार, म, न. आकडा जुळला की शंका उरत नाही.

लॉग सापडला नाही तरी तपासायला एक मिनिट पुरतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत ॲपडेटा हा शब्द, मग परत टक्क्याचं चिन्ह, मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्याच्या वरच्या पट्टीत रिकाम्या जागी क्लिक करा, म्हणजे पूर्ण पत्ता दिसेल. यूजर्सच्या पुढे देवनागरी किंवा कन्नड अक्षरं असतील तर बहुतेक तुमचं दुखणं हेच. तिथे इंग्रजी अक्षरं असतील तर हा लेख तुम्हाला शेवटच्या भागातच उपयोगी पडेल.

लॉगिनच्या पडद्यावर काय नाव दिसतं यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. दिसायचं नाव आणि फोल्डरचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी गोम याच्यात आहे आणि उपायही याच्यातच.

मला अनेकांनी सांगितलं की नाव इंग्रजीत करून टाक, मोकळा हो. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आईला मी तसं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चालू केल्यावर आई दिसतंय ते बरं वाटतंय रे." तिने जन्मभर सातबारा, रेशनकार्ड, बसची पाटी, दवाखान्याचा कागद कुठल्या लिपीत येतो ते बघत दिवस काढले आहेत. घरातल्या कॉम्प्युटरवर तरी तिचं नाव तिच्या अक्षरात असावं, हे मला अगदी पटतं. अक्कांनाही त्यांचं कन्नड नाव तसंच हवं होतं. आपल्या भागात हा घोटाळा जास्त होतो तो यामुळेच. तेव्हा नाव न घालवता खेळ चालवायचा होता. आणि ते जमतं.

युक्ती क्रमाची आहे. युजर फोल्डरला नाव मिळतं ते खातं तयार करताना दिलेल्या नावावरून, आणि ते फोल्डर त्या खात्यात पहिल्यांदा लॉगिन केल्यावर बनतं. त्यानंतर खात्याचं दिसायचं नाव कितीही वेळा बदला, फोल्डर हलत नाही. म्हणून आधी इंग्रजी अक्षरांत खातं करायचं, एकदा आत जायचं, आणि मग दिसायचं नाव मराठीत करायचं.

हे असं करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे 'अदर यूजर्स' (विंडोज १० वर हे 'फॅमिली अँड अदर यूजर्स' असं आहे), तिथे 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारेल. खाली, या व्यक्तीची साइन-इनची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ असते, तिच्यावर क्लिक करा. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवाय युजर जोडा ही ओळ निवडा. आता नावाच्या चौकटीत इंग्रजी छोट्या अक्षरांत नाव लिहा. मी ए, ए, आय अशी तीन अक्षरं घातली. मधे जागा नको, टिंब नको, कुठलंही चिन्ह नको. पासवर्ड हवा तर द्या.

मग चालू खात्यातून साइन आउट करून या नव्या खात्यात जा. पहिल्यांदा थोडा वेळ लागतो, कॉम्प्युटर थांबा म्हणतो, तेव्हाच ते फोल्डर तयार होत असतं. आत गेल्यावर वर सांगितलेली ॲपडेटाची तपासणी परत करा. यूजर्सच्या पुढे इंग्रजी अक्षरं दिसली की पहिलं काम झालं. मग खेळ उघडा, पाच मिनिटं खेळा, मुख्य मेनूतून बाहेर पडा, खेळ पूर्ण बंद करा आणि परत उघडा. नाव न विचारता "पुढे चालू" असा पर्याय आला तर जिंकलात. हे झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

आता कंट्रोल पॅनेल, त्यात 'यूजर अकाउंट्स', तिथे 'चेंज युवर अकाउंट नेम'. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. नव्या चौकटीत मराठीत 'आई' लिहा आणि जतन करा. साइन आउट केल्यावर पडद्यावर आई दिसेल. यादीत जुनी आणि नवी अशा दोन आई दिसतील म्हणून जुन्या खात्याचं दिसायचं नाव तात्पुरतं 'जुनं' करून ठेवा.

जुन्या खात्यात फोटो, लग्नपत्रिका, बँकेचे कागद असं काही असेल तर ते आधी डी ड्राइव्हवर किंवा यूजर्समधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये कॉपी करा, म्हणजे नव्या खात्यातून मिळेल. आईच्या जुन्या खात्यात भाच्याच्या बारशाचे फोटो होते, ते मी दोन ठिकाणी ठेवले आणि मगच पुढे गेलो. जुनं खातं लगेच पुसू नका. महिनाभर राहू द्या. मी आईचं जुनं खातं दिवाळीनंतर काढलं. खातं कंट्रोल पॅनेलमधूनच काढा; तिथे फाइली ठेवायच्या की पुसायच्या ते विचारतं, ठेवायच्या असंच निवडा. खेळाची जुनी प्रगती शोधत बसू नका, ती कुठेच लिहिली गेली नव्हती.

दोन गोष्टी करू नका असं कळकळीने सांगतो. एक, यूजर्समधल्या फोल्डरचं नाव थेट बदलणं किंवा व्हिडिओत दाखवतात तसं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत जाऊन बदलणं. दुसऱ्या कितीतरी प्रोग्रॅमनी जुना पत्ता लिहून ठेवलेला असतो. निपाणीच्या आमच्या नातेवाइकांनी हे केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा डेस्कटॉप कोरा आला, कारण विंडोजला फोल्डर न सापडल्याने त्याने तात्पुरतं खातं उघडून दिलं. फाइली गेल्या नव्हत्या, पण ते कळेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही.

दुसरी गोष्ट, युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठीची भाषा मराठी किंवा कन्नड करून बघणं. रशियन किंवा जपानी माणसाला याचा उपयोग होतो, कारण त्यांच्या भाषांना तो जुना तक्ता होता. मराठीला आणि कन्नडला विंडोजने तसा तक्ता कधी दिलाच नाही, त्यामुळे प्रश्नचिन्हं तशीच राहतात. त्याच ठिकाणी, म्हणजे कंट्रोल पॅनेलमधल्या 'रीजन'च्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' पानावर, 'चेंज सिस्टिम लोकेल'मध्ये यूटीएफ-८ ची (जुन्या तक्त्याऐवजी युनिकोड वापरायला लावणारी) एक चौकोनी खूण आहे, तिच्यापुढे 'बीटा' असं लिहिलेलं असतं. विंडोज १० मध्ये ती २०१८ पासून आली. ती टिचकावून कॉम्प्युटर परत चालू केला तर काही खेळ खरोखर जतन करू लागतात. अक्कांच्या लॅपटॉपवर मी आधी हेच केलं होतं आणि चाललंही. पण ज्या कॉम्प्युटरवर पत्रिका, पावत्या, बॅनर यांचं काम जुन्या मराठी किंवा कन्नड फाँटांवर होतं, तिथे याला हात लावू नका. ते फाँट त्याच जुन्या एक-बाइटी तक्त्याच्या जागा वापरतात, आणि खूण केली की सगळा मजकूर चौकोनांत जाऊ शकतो. अक्कांचा मुलगा त्याच लॅपटॉपवर पावत्या करतो हे कळल्यावर मी ती खूण काढली आणि त्यांनाही नवं खातंच करून दिलं.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे सध्या बरेच जण नवीन विंडोज घालून घेत आहेत. दुकानात देत असाल तर खातं करताना नाव इंग्रजी अक्षरांत घाला, मराठी आम्ही नंतर करू, एवढं सांगून ठेवा. ईमेलने खातं उघडणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात.

फोल्डर इंग्रजीत असूनही काही जतन होत नसेल आणि तुमचा खेळ 'डॉक्युमेंट्स'मध्ये फाइली ठेवत असेल, तर विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. असेल तर तिथल्या परवानगीच्या यादीत खेळ जोडा. ते संरक्षण बंद करू नका.

प्रगती थोडीच मागे जात असेल, सेटिंग मात्र टिकत असेल, तर ते वेगळं. ते बहुधा वीज गेल्यामुळे होतं. हे खेळ साधारणपणे दृश्य बदलताना किंवा मेनूत परतताना जतन करतात, आणि नेमकी फाइल लिहिताना वीज गेली तर ती अर्धवट राहते. पावसात आईला मी सांगून ठेवलंय, एक खोली झाली की मेनूत जाऊन ये. रोमिंगमधलं खेळाचं फोल्डरही महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर कॉपी करतो.

आणखी एक, वयस्कर माणसांच्या बाबतीत हमखास होणारं. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आपण डिस्प्लेचं स्केल १२५ किंवा १५० टक्के करतो. मग जुन्या खेळात बाण एका जागी दिसतो आणि क्लिक दुसरीकडेच लागतं. वस्तू समोर दिसत असून हाती येत नाही, आणि चुकीची क्लिक जास्त झाली की काही खेळ बाण गरागरा फिरवून शिक्षा देतात. आई बिचारी आपलीच नजर कमी झाली समजत होती. खेळाच्या चिन्हावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कंपॅटिबिलिटी', 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे खालच्या 'ओव्हरराइड' ओळीवर खूण करून यादीतून 'ॲप्लिकेशन' निवडा. बाकी सगळीकडे मोठी अक्षरं राहतात आणि खेळात क्लिक जागच्या जागी लागतं. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाने "मला आता दिसत नाही" म्हणून खेळ सोडला असेल तर डॉक्टरांच्या आधी हे एकदा बघा.

आईचा खेळ आता नवव्या प्रकरणात आहे. फोन अजून येतो, पण नाव विचारायलंय म्हणून नाही. परवा आला तेव्हा म्हणाली, "थिंबल म्हणजे काय रे?" मी सांगितलं, शिवताना बोटात घालतात ते अंगुस्तान.

"ते होय! मघापासनं समोरच दिसायलंय की," म्हणाली आणि फोन ठेवला.